पेपरातल्या खिडक्या

१

मावशींच्या कापडाच्या कात्रीला एक नियम होता. तिने कागद कापायचा नाही. कागद कापला की धार जाते आणि मग कात्री कापड कापत नाही, चावते. कुठल्याही शिवणकाम करणाऱ्या बाईला विचारा, ती हेच सांगेल. तिसऱ्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत खिडकीपाशी पायमशीन आणि त्याच्या डोक्यावर खिळ्याला ती कात्री, असा मावशींचा कारखाना. बाही लांबव, कंबर सैल कर, चेन बदल, असली कामं. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी गिऱ्हाइकंसुद्धा त्यांना मावशीच म्हणायची.

हा नियम घरात एकच माणूस मोडायचा, आणि तो म्हणजे मावशींचे यजमान. ते शहराच्या वाचनालयात ग्रंथपाल होते. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पेपर दाराशी पडायचा. ग्रंथपाल तो आधी वाचायचे आणि वाचता वाचता वाईट बातम्या कापून काढायचे. कुठे बोट बुडाली, कुठे आग लागली, कुठे कसली साथ आली, सगळं कच् कच् करून बाजूला. मग चौकोनी खिडक्या पडलेला पेपर मावशींच्या हातात यायचा.

"अहो, कागदाची कात्री फळीवर आहे ना. माझ्या कात्रीची का वाट लावता?"

"हाताला आली ती घेतली."

"आणि त्या बातमीने माझं काय घोडं मारलं होतं?"

"वाचलीस की रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर करतेस. ते जाऊ दे, काही खाल्लंस का?"

कुठल्याही प्रश्नाचं त्यांच्याकडे हे हुकमी उत्तर होतं. मावशी चिडायच्या, पेपर तोंडासमोर धरायच्या आणि एका खिडकीला डोळा लावून पलीकडे बघायच्या. चौकोनात कधी ग्रंथपालांचा चष्मा यायचा, कधी सदऱ्याचं तिसरं बटण. पांढरा दोरा संपला म्हणून मावशींनी ते एकदा निळ्या दोऱ्याने लावलं होतं, आणि नंतर बदलायला गेल्या तर ग्रंथपाल सदरा द्यायला तयार नव्हते. राहू दे, हजार सदऱ्यांत ओळखू येईल, म्हणाले.

सात महिन्यांपूर्वी तो सदरा अंगावर घालूनच ते गेले. पोटाचं दुखणं. मावशींना कळलं त्यापासून अकराव्या दिवशी सगळं आटोपलं. पुढच्याच महिन्यात त्यांनी पेपर बंद केला. खिडक्या कापणारा नसताना अख्खा पेपर वाचायचा त्यांना धीर नव्हता, खरं सांगायचं तर.

२

ग्रंथपालांचा कॉम्प्युटर मात्र बाहेरच्या खोलीत तसाच होता. तो चालू केला की त्यांचं नाव यायचं, त्यांचा फोटो यायचा आणि मग प्रश्न लिहायची ती लांब पांढरी पट्टी. ते होते तेव्हा मावशी मशीनवरून ओरडून विचारायच्या आणि ते टाइप करायचे. आता मावशी स्वतः एका बोटाने टाइप करत. एक अक्षर शोधेपर्यंत दुसरं कुठे होतं ते विसरायला व्हायचं, पण जमत होतं.

उत्तरं मोठी गोड यायची. 'सुई ओवताना डोळे दुखतात' असं विचारलं, तर पहिलंच उत्तर होतं, घरात शिवणकाम करणाऱ्या व्यक्तीसाठी दिवा कुठे लावावा. 'गुडघा' विचारला, तर कोणाचा गुडघा दुखत असेल तर तिला उठायला न लावता काय काय करता येतं, त्याची भली मोठी यादी. मावशींना वाटलं, बरं आहे बाई, या यंत्राला माणुसकी आहे. वाईट काही ते सांगतच नव्हतं. महिनाभर मावशींनी एकही वाईट गोष्ट वाचली नाही आणि हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

लक्षात यायला हवं होतं. ग्रंथपाल वाचनालयाच्या चौकशीच्या टेबलावर तीस वर्षं बसले होते आणि त्यांचा बाणाच तो होता. पुस्तक मागितलं म्हणून द्यायचं नाही, आधी माणसाचा चेहरा बघायचा. एका बाईचा मुलगा बोटीवर होता, तीन आठवडे त्याची खबर नव्हती. तिने बुडालेल्या जहाजांचं पुस्तक मागितलं. ग्रंथपालांनी तिला दीपगृहांचं दिलं. तिने ते दोन महिने ठेवून घेतलं आणि परत करताना त्यांचे हात धरून रडली. ही गोष्ट ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

दुसरी एक त्यांनी फक्त मावशींना सांगितली होती, तीही एकदाच. एक घाबरट गृहस्थ भिंतीला तडे गेल्याबद्दल विचारायला आला. त्याचा चेहरा बघून ग्रंथपालांनी त्याला भिंती रंगवण्याचं पुस्तक दिलं. पुढे ती भिंत पडली. घरात कोणी नव्हतं म्हणून निभावलं.

३

एका मंगळवारी कपड्यांचं गाठोडं घेऊन जिना चढताना मावशींचा डावा हात जड झाला. दुसऱ्या मजल्यावर थांबल्या, जबडा अवघडल्यासारखा वाटला, मग बरं वाटलं. बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारी गाठोडं नव्हतं तरी तेच.

त्यांनी एका बोटाने लिहिलं, 'जिना चढताना डावा हात जड होतो जबडा दुखतो'.

उत्तर आलं की शिवणकाम करणाऱ्यांचे खांदे आखडतात, गरम पाण्याची पिशवी ठेवावी. त्याखाली, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी मध्ये कुठे बसावं. त्याखाली, गाठोडी वर आणायला दोरी आणि टोपली कशी बांधावी. मावशींना हायसं वाटलं. तरी म्हटलंच, खांदा आहे. त्यांनी पाण्याची पिशवी शोधली, खांद्यावर ठेवली आणि कामाला बसल्या.

एका गिऱ्हाइकाचा पडदा कापायला घेतला आणि कात्रीने कापड चावलं.

मावशींनी कात्री उजेडात धरली. पंधरा दिवसांपूर्वीच त्यांनी तिला धार लावून आणली होती. पात्याच्या आतल्या बाजूला बारीक राखाडी पूड होती. बोट फिरवलं तर बोट काळसर झालं. हा रंग त्यांच्या चांगला ओळखीचा होता, छापील शाईचा. पण घरात सहा महिने पेपर येत नव्हता. मावशींनी स्वतःची समजूत घातली की धार लावणाऱ्याने त्याच्या कळकट फडक्याला पुसली असणार. कात्री पुन्हा धार लावायला दिली. ती परत आली, खिळ्याला लागली, आणि चार दिवसांनी पुन्हा बोथट.

४

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी लेक आली. लेकीचं घरातलं नाव बिट्टी. शाळेत भूगोल शिकवते, तीन तासांच्या अंतरावर राहते आणि महिन्यातून एकदा येऊन आईच्या घरातला पसारा आवरते. आईला तो पसारा वाटत नाही, हा भाग वेगळा.

"आई, तू अजून बाबांच्याच अकाउंटवर बसतेस?"

"म्हणजे काय? कॉम्प्युटर त्यांचा, मग अकाउंटही त्यांचंच असणार ना."

"अगं, हे सर्च सगळ्यांना सारखं दिसत नाही. तू आधी काय काय विचारलंस, कशावर बोट ठेवलंस, कशावर थांबलीस, ते सगळं तो लक्षात ठेवतो. मग माणूस बघून उत्तर देतो. तू बाबांच्या नावाने बसलीस की त्याला वाटतं, बाबाच विचारताहेत."

मावशींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरात शिवणकाम करणाऱ्या व्यक्तीसाठी. तिला उठायला न लावता. ही उत्तरं त्यांना नव्हतीच. ती त्यांची काळजी वाहणाऱ्या माणसाला होती.

"माणूस बघून," त्या म्हणाल्या. "हे तर तुझ्या बाबांसारखंच झालं."

बिट्टी हसली. "हो की. एकाला जहाजं, एकाला दीपगृहं."

ती आंघोळीला गेली तेव्हा मावशींनी तिचा फोन उचलला. लेकीचा फोन चोरून बघायची ही पहिलीच वेळ. त्यांनी तोच प्रश्न लिहिला, अक्षर न अक्षर तोच. पहिली ओळ लाल चौकटीत होती. हे हृदयविकाराचं लक्षण असू शकतं, वाट बघू नका, आजच डॉक्टरांना दाखवा. खाली सगळं त्याच चालीवर. खांदा कुठेच नव्हता.

फोन जागेवर ठेवून त्या बाहेरच्या खोलीत गेल्या आणि ग्रंथपालांच्या कॉम्प्युटरवर पुन्हा विचारलं. खांदा. गरम पाण्याची पिशवी. दोरी आणि टोपली. पण या वेळी त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं. यादीच्या अगदी वर, पहिल्या उत्तराच्याही आधी, पांढरी जागा होती. आडवी, चौकोनी, कडा सरळ. लाल चौकट बसेल नेमकी एवढी.

"बिट्टी, हे असं रिकामं का गं?"

केस पुसत आलेल्या बिट्टीने वाकून पाहिलं. "पान नीट उघडलं नसेल. जुना झालाय आई हा, मी नवा आणते."

"नको," मावशी इतक्या पटकन म्हणाल्या की बिट्टीने वळून पाहिलं.

हाताचं त्यांनी लेकीला सांगितलं नाही. तिला कशाला घोर, उद्या तीन तास गाडी चालवायची आहे तिला. असं म्हणता म्हणता त्यांनाच जाणवलं की हे वाक्य या घरात आधी कोणीतरी बोललेलं आहे.

५

जाण्याआधी बिट्टीने आईला जुने प्रश्न बघायची जागा दाखवली. हिस्टरी म्हणतात तिला. ज्याने जे विचारलं ते सगळं तिथे तारखेवार आणि वेळेसकट राहतं.

सोमवारी मावशी चहा घेऊन ती वाचायला बसल्या. मागे मागे गेल्या. ग्रंथपालांचं शेवटचं वर्ष. सुरुवातीला साधंच होतं सगळं, कुंडीतल्या मुंग्या, चष्म्याची दांडी. मग 'पोटात सतत दुखतं वजन कमी'. जाण्याच्या तेरा महिने आधीची तारीख. मग त्या दुखण्याचं नाव, लांबलचक, पुन्हा पुन्हा. मग 'बायकोला कसं सांगावं'. हे एकोणीस वेळा होतं, मावशींनी मोजलं. कधी आठवड्याने, कधी एकाच सकाळी तीनदा. मग एक दिवस 'बायकोला न सांगता', आणि त्यानंतर तो प्रश्न पुन्हा आला नाही.

मावशी तिथेच बसून रडल्या. तेरा महिने तो माणूस समोर बसून पेपर कापत होता आणि त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. सगळ्यात मोठी खिडकी त्यांनी स्वतःचीच कापली होती. अहो, मला अकरा दिवस दिलेत, त्या म्हणाल्या. तेरा महिने होते आणि मला अकरा दिवस दिलेत.

मग डोळे पुसून त्या पुढे आल्या, अलीकडच्या तारखांकडे. सुई, गुडघा, डावा हात. सगळे त्यांचेच प्रश्न, दुपारच्या वेळांचे, एका बोटाच्या चुकांसकट. पण त्यांच्या अधेमधे दुसरे होते. एकही चूक नसलेले.

'बायकोचा डावा हात जड'. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

'तिच्याकडे किती वेळ आहे'. सहा वाजून बारा.

'बायकोला कसं सांगावं'. काल. परवा. त्याच्या आदल्या दिवशी.

मावशींनी डोकं चालवून पाहिलं. बिट्टीने केलं असेल, पण बिट्टी शनिवारी आली आणि हे त्याच्या आधीपासूनचं. यंत्र आपलं आपण जुने प्रश्न उगाळत असेल. असेलही. पण जुन्या प्रश्नात डावा हात कुठून येईल? मीच पहाटे उठून लिहिलं आणि विसरले. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते खोटं नाही. पण मावशी साडेसातशिवाय उठत नसत आणि बिनचूक तर त्यांनी जन्मात टाइप केलं नव्हतं. चहा गार होऊन त्यावर साय धरली. आतल्या खोलीतली कात्री आता कशी असेल, हे त्यांना जाऊन बघावंसं वाटलं नाही.

६

मंगळवारी त्यांनी सहाचा गजर लावला. उजाडत होतं. खालच्या रस्त्यावर दूधवाल्याची सायकल खडखडत गेली. बाहेरच्या खोलीत येऊन पाहतात तो कॉम्प्युटर आधीच चालू. खुर्ची टेबलापासून थोडी मागे ओढलेली होती, लांब पायांच्या माणसाला लागते तेवढी.

मावशी त्या खुर्चीत बसल्या नाहीत. स्टूल ओढून बाजूला बसल्या, पूर्वी बसायच्या तशा. भीती वाटत होती, नाही कशाला म्हणा. पण तिच्याखाली दुसरंच काहीतरी होतं आणि ते भीतीपेक्षा मोठं होतं. सात महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना त्या खोलीत एकटं वाटत नव्हतं.

सहा वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर पान उघडलं. त्यांचाच प्रश्न, डाव्या हाताचा. वर लाल चौकट होती, शब्दांसकट. मावशींना ती वाचता आली. त्याच क्षणी आतल्या खोलीतून आवाज आला. कच्. मोठ्या कात्रीचा, सावकाश, कागदातून जाणारा. लाल चौकटीची डावी कड नाहीशी झाली. कच्. वरची कड गेली.

"अहो," मावशी म्हणाल्या. मग आतल्या दाराकडे मान वळवून पुन्हा म्हणाल्या, "अहो, ते राहू द्या. मला वाचायचंय."

कात्री थांबली.

"तुम्ही माझ्या भल्यासाठीच करता, मला काय कळत नाही? चाळीस वर्षं तुमच्या खिडक्यांतून जग बघितलं, आणि झोप चांगली लागली, ते कबूल आहे. पण तुमचं दुखणं कापलंत ते चुकलंच तुमचं. मला कळलं असतं तर मी मशीन बंद केलं असतं. तेरा महिने तुमच्याजवळ बसले असते. नुसती बसले असते हो. ते तुम्ही कापून टाकलंत." त्यांना धाप लागली. हात जड झाला, आता तर बसल्याबसल्या. "आणि ही माझी भिंत आहे. तडा गेलाय तिला. मला रंगाचं पुस्तक देऊ नका."

मग वरच्या पट्टीत अक्षरं उमटू लागली, एकेक करून, बिनचूक. 'बायकोला कसं सांगावं'.

"असंच," मावशी म्हणाल्या. "सरळ सांगावं. बायको मोठी आहे."

बाहेर ऊन भिंतीवर आलं. मग लाल चौकट हळूहळू परत आली, आधी वरची कड, मग डावी. तिच्याखाली आणखी उत्तरं आली, एकामागून एक, आणि त्यांत कुठेच खिडकी नव्हती. मावशींनी चष्मा पुसला आणि सगळं वाचलं. चांगलं थोडं होतं, वाईट बरंच होतं. वाचून झाल्यावर त्यांनी बिट्टीला फोन लावला.

"बिट्टी, गाडी काढ आणि ये. माझा हात जड होतोय, दोन आठवडे झाले. नाही, कोणाला सांगितलं नाही. तुझ्या बापावर गेले मी, म्हण. ये, मग रागाव हवं तेवढं."

७

डॉक्टरांनी त्याच दिवशी दाखल व्हायला सांगितलं. नळ्या बंद होत आल्या होत्या, छाती उघडावी लागणार होती. आणखी आठवडा गेला असता तर, असं म्हणून डॉक्टरांनी पुढचं वाक्य गिळलं. मावशी त्यांना म्हणाल्या, गिळू नका, सांगा. त्यांनी सांगितलं.

डॉक्टर नको म्हणत असतानाही कपडे घ्यायला म्हणून दोघी तासाभरासाठी घरी आल्या. बिट्टी खाली गाडीत थांबली, कारण मावशींनी तिला थांबायला लावलं. पिशवी भरून झाली. कापडाची कात्री खिळ्याला होती. मावशींनी पाती उघडून पाहिली, तर धार जशीच्या तशी आणि पूड नाही.

मग त्या बाहेरच्या खोलीत गेल्या आणि स्टुलावर बसून एका बोटाने लिहिलं, 'मी घरी परत येईन का'.

पान उघडलं. टाके कधी काढतात, ते आलं. जिना किती दिवसांनी चढावा, ते आलं. आणि मधोमध एक खिडकी होती. एकच, छोटीशी, कडा अगदी सरळ.

मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. एक शब्द बोलल्या असत्या तर ती भरली असती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बोलायला तोंड उघडलंही. मग मिटलं. एवढी एक ठेवू दे त्याला, त्यांनी मनात म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच नवऱ्याला मनातल्या मनात अरेतुरे केलं.

पेपर धरायच्या तशा त्या पुढे झुकल्या आणि त्या पांढऱ्या चौकोनाला डोळा लावला.

पलीकडे सदरा होता. हाताच्या अंतरावर. श्वासाने वरखाली होत नव्हता, पण सदराच होता, आणि त्यावर तिसरं बटण. निळा दोरा सुटत आला होता. बटण एका धाग्याला लोंबत होतं आणि दोन बोटं त्याच्याशी चाळा करत होती, विचारात असताना ती नेहमी करायची तसा.

खालून बिट्टीने हॉर्न वाजवला.

"ते ओढू नका हो," मावशी म्हणाल्या. "तुटेल. मी आले की शिवून देते."

बोटं थांबली. मावशींनी आत जाऊन मशीनच्या खणातून सुई काढली, निळा दोरा ओवला, गाठ मारली आणि ती सुई टेबलाशेजारच्या कापडी पडद्याला, आल्या आल्या दिसेल अशी टोचून ठेवली. मग पिशवी उचलली, उजव्या हातात. जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर थांबून थोडा वेळ बसल्या.